ध्रुपद धरणारे तुकोबा



या लेखात मला एका अभंगाविषयी बोलायचे आहे, आणि तो अभंग मी सत्तेचाळीस वर्षे कसा चुकीचा सांगितला याविषयीही. चुकीचा म्हणजे अर्थ चुकला असे नव्हे. शब्दार्थ बरोबर होता, प्रमाणे बरोबर होती, चालही बरोबर होती. माप चुकले होते. जिथे थांबायचे तिथून मी धावत पुढे गेलो आणि जिथे तुकोबाराय एका कडव्यात पुढे गेले तिथे मी तास-तासभर मुक्काम केला.

तो अभंग आपणां सर्वांना ठाऊक आहे. संतांनी विचारले म्हणून तुकोबारायांनी आपली हकिकत सांगितली, तो वीस-एकवीस कडव्यांचा अभंग. आपली याती आणि व्यवसाय सांगून त्याची सुरुवात होते आणि पांडुरंगाच्या नावावर शेवट होतो. गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. पण स्वतःची हकिकत अशी सलग, क्रमाने सांगितलेली फार थोड्या ठिकाणी सापडते. म्हणून बीजेच्या सप्ताहात आम्ही कीर्तनकार हा अभंग हौसेने सेवेला घेतो.

मी तो कसा सांगत असे, ते आधी सांगतो. आईवडील गेले, दुष्काळ पडला, पत्नी गेली, व्यापार बुडाला, हे सारे पंधरा मिनिटांत उरकायचे. मधली कडवी टाळकऱ्यांकडून म्हणवून घ्यायची, म्हणजे तेवढा श्वास मिळतो. मग इंद्रायणीचा डोह. वह्या दगड बांधून बुडवल्या. तेरा दिवस अन्नपाणी नाही. इथे आवाज खाली आणायचा, मृदंगमण्याला डोळ्यांनी खूण करायची, आणि वह्या कोरड्या वर आल्या म्हणताच टाळ-मृदंगाचा असा कल्लोळ उठायचा की मंडपातले म्हातारेसुद्धा उठून नाचायचे. बाया डोळे पुसायच्या. मलाही भरून यायचे, ते खोटे नव्हते. शेवटी सांगायचो, 'श्रद्धा पक्की असेल तर देव बुडालेले वर काढतोच.'

एका वर्षी असेच कीर्तन झाले. पाया पडायला रांग लागली. शेवटी एक टाळकरी आला. तो त्या गावच्या भजनी मंडळात वीस-पंचवीस वर्षे उभा राहिलेला. त्याचा कांदा त्या पावसाळ्यात चाळीतच सडला होता आणि आधीची दोन वर्षेही हातात काही पडले नव्हते. तो हळूच म्हणाला, "महाराज, तुकोबांच्या वह्या तेरा दिवसांनी वर आल्या. माझे तिसरे वर्ष आहे. माझे कुठे चुकते?"

मी घाईत होतो, जेवणाची पंगत बसत होती. मी म्हणालो, "श्रद्धा कमी पडते, बाबा. नाम वाढव."

तो काही बोलला नाही. पाया पडला आणि गेला. पंगतीत तो दिसला नाही. ते वाक्य माझ्या तोंडून गेले ते गेलेच, आणि त्या वाक्याला मी तुकोबारायांचा आधार दिला होता. तो आधार त्या अभंगात आहे का, हे मी पाहिलेच नव्हते. आज वाचकहो, तुम्हांला बरोबर घेऊन ते पाहायचे आहे.

अभंगाचे पहिले वैशिष्ट्य असे की तो सांगायची तुकोबांची इच्छा नाही. ते आरंभीच म्हणतात की हे बोलू नये; पण संतांनी विचारले, म्हणून त्यांचा शब्द पाळतो. यश मिळवलेला माणूस आपली हकिकत सांगू लागला की मागचे अपयशही तो दागिन्यासारखे मिरवतो. इथे तसे मिरवणे नाही. हिशेबाच्या वहीतली नोंद असावी तशी एकेक गोष्ट येते. आईवडील गेले. दुष्काळाने द्रव्य आटले, मान गेला. एक पत्नी अन्न मागत मेली. व्यवसायात तूट आली. एकाही दुःखाला उपदेशाची शेपटी जोडलेली नाही.

हा दुष्काळ म्हणजे १६३०-३१ च्या सुमाराचा. परंपरेने मानलेले १६०८ हे जन्मसाल धरले तर तुकोबांचे वय तेव्हा बावीस-तेवीस. महाजनकीचे घर, देहूत पत असलेले. त्या वयात घरातले माणूस भुकेने जाताना पाहणे काय असते, हे मी पंधरा मिनिटांत उरकत होतो.

आता नीट पाहा. या दुःखांच्या नोंदी संपताच तुकोबा एक शब्द वापरतात: लज्जा. दुःख झाले एवढेच सांगून ते थांबत नाहीत. जिवाला लाज वाटली असे म्हणतात. ज्याचा धंदा बुडाला, ज्याचे पीक गेले, ज्याचा मुलगा परीक्षेत चौथ्यांदा नापास झाला, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नुकसान सोसता येते. चार माणसांत तोंड दाखवायची लाज सोसवत नाही. माणूस आशा सोडतो तो बहुधा इथे.

आणि पुढे काही कडव्यांनंतर हाच शब्द पुन्हा येतो. संतांच्या पायांचे तीर्थ घेतले आणि मनात लाज येऊ दिली नाही, असे तुकोबा तिथे म्हणतात. पहिल्यांदा लाज आली होती; दुसऱ्यांदा ती येऊ दिली नाही. एकाच अभंगात लाज दोनदा येते, आणि दोन्ही वेळा तिचे स्थान वेगळे आहे. मी हा अभंग इतक्या वेळा म्हटला, पण या दोन लाजांकडे माझे लक्ष गेले नव्हते. कारण त्या दोहोंच्या मधली कडवी मी टाळकऱ्यांवर सोपवून श्वास घेत होतो.

मग त्या मधल्या कडव्यांत असे काय घडले? चमत्कार नाही. दृष्टान्त नाही, स्वप्नातला उपदेश तर याच्याही पुढे आहे. कवित्वाची स्फूर्ती त्याच्याही नंतर. मध्ये आहेत फक्त चार कामे.

पहिले काम देवळाचे. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घराण्यात चालत आलेली विठ्ठलाची पूजा. ते देऊळ मोडकळीला आले होते, ते नीट करावे असे चित्तात आले. लक्षात घ्या, बुडालेला व्यापार सावरायला ते आधी निघाले नाहीत. समोर एक दुसरी मोडकी गोष्ट होती. ती आपल्या हातांनी नीट होण्यासारखी होती. तिला त्यांनी हात घातला. स्वतःचे मोडलेले लगेच सांधत नसेल, तर जवळचे दुसरे काही सांधावे. त्या कामात हात हलतात, आणि हात हलू लागले की माणूस घरात कोंडून बसत नाही.

दुसरे काम एकादशीच्या कीर्तनाचे. इथे तुकोबारायांनी केलेली कबुली मला फार मोलाची वाटते. ते सांगतात की आरंभी कीर्तन करू लागलो तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते. म्हणजे मन लागत नव्हते आणि कीर्तन चालू होते. आपण नेहमी उलटे धरतो. आधी मन लागू दे, उमेद येऊ दे, मग आरंभ करू. उमेद येईपर्यंत तुकोबा थांबले नाहीत. एकादशी पंधरा दिवसांनी येते. ती आपल्या मनाची वाट पाहत नाही. नेम धरला की तो माणसाला उचलून नेतो. ज्याला आज काही करावेसे वाटत नाही त्याला मी एवढेच सांगेन की तुकोबांनाही वाटत नव्हते, आणि हे त्यांनी लपवले नाही.

तिसरे काम पाठांतराचे. संतांची काही वचने विश्वासाने, आदराने पाठ केली. स्वतःचे शब्द सुचत नव्हते तेव्हा दुसऱ्यांचे शब्द तोंडी धरले. पुढे ज्यांच्या वाणीने महाराष्ट्र बोलू लागला, त्यांची ही स्थिती होती. आपल्याकडे लोक विचारतात, "महाराज, प्रार्थना सुचत नाही, काय करू?" सुचायला कशाला हवे? हरिपाठ आहे ना. दुःखात माणसाने स्वतःच्या वाणीवर अवलंबून राहू नये, म्हणून तर संतांनी शब्द ठेवून दिले आहेत.

चौथे काम ध्रुपद धरण्याचे. जे पुढे गातात त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरावे. कीर्तनात उभे राहिलेल्या प्रत्येकाला ही जागा माहीत आहे. पुढे कीर्तनकार, त्याच्या मागे टाळकऱ्यांची रांग. महाराजांनी चरण सोडला की त्यांनी ध्रुपद उचलायचे. तिथे विद्वत्ता लागत नाही. गोड गळाही लागतोच असे नाही. एकट्याचा आवाज चुकला तरी दहांच्या आवाजात झाकला जातो. आणि तरीही ती रांग नसेल तर कीर्तन उभे राहत नाही. ज्याचा मान गेला होता त्या महाजनाच्या मुलाने ही जागा घेतली. तिथे उभे राहता राहता लाज सरली. शिवाय जमेल तेवढा उपकार शरीर कष्टवून केला, असेही ते पुढे सांगतात. या साऱ्या कामांत पैसा लागत नाही, पत लागत नाही, कुणाची परवानगीही लागत नाही. ज्याचे सगळे गेले आहे त्याला करता येतील अशीच ही कामे आहेत.

माझे म्हणणे आहे की या अभंगाचा प्राण इथे आहे. आशा म्हणजे पुढे चांगलेच होणार ही खात्री, असे आम्ही सांगत आलो. तुकोबांनी या कडव्यांत पुढच्याचे नावही काढलेले नाही. मागे उभे राहून ध्रुपद सुटू न देणे, एवढीच त्यांची आशा दिसते.

आता वह्यांकडे येऊ, कारण माझा जुना मुक्काम तिथे होता. उपदेश झाला, कवित्व आले, विठोबाचे पाय चित्तात धरले, आणि त्यानंतर निषेधाचा आघात झाला व चित्त दुखावले, असे तुकोबा सांगतात. म्हणजे कृपा झाल्यानंतरही घाव बसला आणि तो लागलाही. ज्यांना वाटते की खऱ्या भक्ताला अपयश झोंबत नाही, त्यांनी हे कडवे पुन्हा म्हणावे. त्याच्या पुढचे एकच कडवे: वह्या बुडवल्या, धरणे धरले, नारायणाने समाधान केले. एवढेच. तेरा दिवस नाहीत, वह्या कशा वर आल्या ते नाही, विरोधकांचा पराभव नाही. आणि लगेच ते म्हणतात की विस्तार केला तर उशीर होईल, आता पुरे. तुकोबांनी ज्याला पुरे म्हटले, तिथूनच माझे कीर्तन सुरू होत होते!

कुणी म्हणेल, बुवा चमत्कार नाकारू लागले. तसे नाही. धरण्याच्या वेळचे म्हणून जे अभंग आपण ओळखतो, त्यांत तेरा दिवसांचा उल्लेख आहे आणि पाण्यात कागद राखल्याचे तुकोबाच सांगतात. महिपतीबुवांनीही संतचरित्रांत हा प्रसंग रंगवला, आणि रंगवावा असाच तो आहे. माझे म्हणणे त्या अभंगांच्या सुराविषयी आहे. वह्या मिळण्याआधीचे अभंग पाहा. देवाशी भांडण आहे. तू येत नाहीस, दगड होऊन बसलास, असा ठपका आहे. पण हे सारे देवालाच उद्देशून आहे. 'तू' सुटलेला नाही. ज्याने आशा सोडली तो देवाविषयी बोलतो. देवाशी बोलत नाही. भांडणारा अजून दारात उभा असतो. म्हणून निराश माणसाने देवाला दोन कठोर शब्द सुनावले तर आपण कानांवर हात ठेवू नयेत.

आणि वह्या मिळाल्यानंतरचे अभंग? तिथे मला जयघोष अपेक्षित होता. तिथे आहे अपराधाची कबुली. देवाचा अंत पाहिला, त्याला पाण्यात उभे करून शीण दिला, हे आपण चुकलो, असे तुकोबा हात जोडतात. आणि यापुढे कुणी मान कापली तरी तुला शीण देणार नाही, असे म्हणतात. 'श्रद्धा पक्की असली की देव बुडालेले वर काढतोच' असा नियम तुकोबांनी त्या प्रसंगातून काढला नाही. तो नियम मी काढला, आणि सडलेल्या कांद्याचा भार डोक्यावर असलेल्या माणसाच्या अंगावर तो फेकला.

हे मला उमगले ते विद्वत्तेने नव्हे. माझ्या एकाहत्तराव्या वर्षी एका सप्ताहात भर कीर्तनात माझी वाणी अडली. आवाज आधीच बसू लागला होता. त्या रात्री तिसरा चरण आठवेना. टाळकऱ्यांनी ध्रुपद धरले, मला वेळ दिला. पुन्हा आठवेना. तिसऱ्यांदा ध्रुपद झाले तेव्हा पुढे बसलेल्यांत कुजबुज सुरू झाली. मी बुक्का लावलेल्या कपाळाचा घाम पुसला आणि 'पुंडलिक वरदा' म्हणून थांबलो. पुढची सेवा एका तरुण महाराजांनी चालवली.

त्यानंतर दीड वर्ष मी घराबाहेर फारसा पडलो नाही. आषाढीला दिंडी दारावरून गेली तेव्हा आतल्या खोलीत बसून राहिलो. लोक सन्मानाने बोलवत. मी तब्येतीचे कारण सांगे. कारण लाजेचे होते. अर्जुनाने सहाव्या अध्यायात विचारले आहे की वाटेतच जो ढळला त्याचे काय, तो विरलेल्या ढगासारखा नाहीसा होतो का? भगवंतांचे उत्तर मी शेकडो वेळा माउलींच्या ओव्यांसह सांगितले होते: चांगले करणारा वाया जात नाही, जिथे सोडले तिथूनच पुढे आरंभ होतो. दुसऱ्यांना सांगितलेले ते उत्तर त्या दीड वर्षात माझ्याच कानी पडत नव्हते.

मग एका एकादशीला संध्याकाळी तो कांदेवाला टाळकरी दारात आला. त्याच्या गावाहून माझे घर सहा कोस. तो म्हणाला, "महाराज, आमच्या मंडळात एक टाळकरी कमी आहे. तुम्ही येता का?" कीर्तनाला चला म्हणाला नाही. सांत्वनही केले नाही. मी म्हणालो, "माझा आवाज गेला रे." तो म्हणाला, "मागे उभे राहायला आवाज किती लागतो?"

मी गेलो. टाळ हातात घेऊन मागच्या रांगेत उभा राहिलो. पुढे एक पोरगा कीर्तन करत होता, माझ्या नातवाच्या वयाचा. त्याने योगायोगाने हाच अभंग घेतला असे सांगितले तर तुम्हांला ते गोड वाटेल. पण तसे झाले नाही. त्याने दुसराच अभंग घेतला होता आणि तो मध्ये एकदा अडखळलाही. आम्ही ध्रुपद धरले. त्याला चरण आठवला. तो पुढे गेला. घरी येऊन त्या रात्री मी गाथा उघडला आणि हा अभंग पहिल्यांदा, घाई न करता वाचला.

त्या टाळकऱ्याची मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "मला तेव्हा राग आला होता, महाराज. आठ दिवस भजनाला गेलो नाही. मग गेलो." त्याचे कर्ज अजून फिटलेले नाही. कांद्याचा भाव त्याच्या नामाने वाढत नाही, हे त्याला माझ्याआधी कळले होते. तरी त्याची एकादशी चुकत नाही. दुसऱ्याच्या शेतातली मोटार बिघडली तर हा रात्री कंदील घेऊन जातो. तुकोबांची ती मधली कडवी मी सांगत होतो आणि तो जगत होता.

अभंगाचा शेवटही पाहून ठेवा. आज असा विचार दिसतो, पुढचा प्रकार देव जाणे, असे तुकोबा म्हणतात. एवढे सारे होऊनही पुढच्याची हमी ते देत नाहीत. भक्ताची उपेक्षा नारायण करत नाही, हे मात्र सांगतात. आणि ते कळून आले असे म्हणतात. हे भाकीत नव्हे, मागच्या वाटेचा अनुभव आहे. आणि सगळ्यात शेवटी वाण्याच्या दुकानातला शब्द येतो: भांडवल. ज्याचा व्यापार बुडाला त्याने शेवटच्या कडव्यात आपले भांडवल मोजून दाखवले आहे, आणि ते पांडुरंगाने बोलवलेले बोल आहेत.

तरुण कीर्तनकारांना माझी विनंती आहे. हा अभंग सेवेला घ्याल तेव्हा वह्या जरूर वर काढा. पण मोडक्या देवळापाशी आणि ध्रुपदापाशी थोडे अधिक थांबा. मंडपात मागे बसलेला एखादा माणूस त्याच दोन कडव्यांसाठी आलेला असतो. आणि कीर्तन संपल्यावर तो पाया पडायला आला, काही विचारू लागला, तर पंगत थांबवा.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी ज्याचे यंदा काही बुडाले असेल, त्याला मी वर येण्याचे वचन देऊ शकत नाही. तुकोबांनी दिले नाही, मी कोण? पण येत्या एकादशीला गावात कुठेतरी भजन असेल. मागच्या रांगेत जागा असते. मीही तिथेच असतो.

रामकृष्णहरी.